सेठने लिहून दिलेली वर्षं

ही हकीगत आठवली की अजूनही माझं डोकं तापतं. घरचे म्हणतात, नोकरी संपून इतकी वर्षं झाली, आता तरी शांत व्हा. नाही होत, काय करू? खून पाहिले, दरोडे पाहिले, रात्रंदिवस बंदोबस्त केले, त्यातलं बरंचसं विसरूनही गेलो. पण भिवंडीत मी फौजदार असताना एका जॉबरचं जे झालं ते विसरायला मी तयार नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या ठाण्यात फोनवर बोलायचं तर दुसरा कान बोटाने बंद करावा लागे, कारण मागच्याच गल्लीत लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे कारखाने. कारखाने कसले, पत्र्याच्या शेडी. लूम बिघडली की ती चालू करून देणारा जो कारागीर, त्याला तिथे जॉबर म्हणतात. तो एक दिवस आला नाही की सेठचा जीव खालीवर होतो. एरवी त्या सेठला त्याचं नावही आठवत नाही.

गावात संध्याकाळचे वर्ग चालवणारी एक तांत्रिक संस्था होती. तिथल्या प्राचार्यांनी वरच्या लोकांशी भांडून एक चांगली सवलत आणली होती. ज्याने लूमवर बरीच वर्षं काम केलंय त्याने बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर प्रॅक्टिकल द्यायचं, तोंडी प्रश्नांची उत्तरं द्यायची. पास झाला तर कापडाच्या डिप्लोमाचं पहिलं वर्ष माफ, थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. सातवी शिकलेला असला तरी चालेल. मला ही कल्पना फार पटली होती. माणूस जे हाताने शिकला ते शिक्षणच की! तेच पुन्हा खडू घेऊन फळ्यावर कशाला शिकवायचं? अट एकच होती, मालकाने सही करून अनुभवाचा दाखला द्यायचा. जागा मोजक्याच होत्या आणि पहिलीच तुकडी होती.

खबर मला दिली एका पानवाल्याने. त्याची टपरी एका मोठ्या सेठच्या शेडीसमोर होती. पानवाल्यांना कमी समजू नये. ते दिवसभर एकाच जागी बसून सगळ्यांची तोंडं बघत असतात, आणि आमच्या नवीन शिपायापेक्षा त्यांना जास्त कळतं.

"साहेब, एक गंमत सांगू? ह्या सेठचा भाचा अनुभवी कामगार म्हणून पास झाला. कॉलेजात चाललाय."

"मग तुला काय त्रास?"

"अहो, तो शेडमध्ये येतो ना, तेव्हा कानात कापूस घालतो!"

मी हसलो, पण ठाण्यावर येईपर्यंत हसू गेलं. लूमवर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस कानात कापूस घालत नाही. त्याचे कान केव्हाच गेलेले असतात.

प्राचार्यांना जाऊन भेटलो. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "फौजदारसाहेब, हे बाहेर फुटलं तर ही सवलतच बंद पडेल. वर बसलेले त्याचीच वाट बघताहेत. कामगारांना कॉलेजात घेतलं म्हणून त्यांच्या पोटात आधीच दुखतंय." तरीही त्यांनी चौकशीसाठी लेखी अर्ज दिला. भला माणूस होता. परीक्षक मुंबईच्या एका गिरणीतले. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "मी तोंडं बघत नाही, हात बघतो. तो माणूस पहिल्या नंबराचा होता." त्या काळी प्रवेशपत्रावर फोटो नसे. म्हणजे तिथे कोण बसलं होतं हे सांगणारं कोणी नव्हतं.

भाच्याला ठाण्यावर बोलावलं. टेरिकॉटचा शर्ट, केसांना तेल, चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. माझी चौकशीची पद्धत साधी होती. आधी समोरच्याला बोलू द्यायचं. खरं बोलणारा विचारलं तेवढंच सांगतो. खोटं बोलणारा न विचारलेलंही सांगतो. ह्या पोराने मला लूमच्या प्रत्येक भागाचं नाव सांगितलं, कोणता भाग काय करतो ते सांगितलं, कापडात दोष कसे येतात ते सांगितलं. जणू मीच परीक्षक! पाठ केलेलं घडाघडा ओकत होता. माझ्या हवालदाराने मला डोळ्याने विचारलं, आता? कारण उत्तरं सगळी बरोबर होती.

मी म्हटलं, "चल, जरा फिरून येऊ."

दोन पंच घेतले आणि त्याला दुसऱ्याच मालकाच्या शेडमध्ये नेलं. लूममध्ये आडवा धागा नेणारा तो लाकडी धोटा असतो ना, त्यातला एक रिकामा धोटा आणि सुताने भरलेली कांडी त्याच्या हातात दिली. म्हटलं, "भर." लूमवर काम करणाऱ्याला हे दिवसातून कितीदा करावं लागतं याची गणती नाही.

त्याने कांडी नीट बसवली. मग धोटा उलटा केला, सुलटा केला, बाजूच्या फळीवर काहीतरी शोधू लागला.

"काय हवंय?"

"हूक कुठाय, साहेब? सूत ओढायचा हूक?"

शेडमध्ये एक क्षण कोणाला कळलंच नाही. मग कांड्या भरणारी एक बाई पदर तोंडाला लावून ओरडली, "अगं बाई, ह्यो हुक मागतोय!" आणि लूमच्या आवाजावर ताण करून सगळी शेड हसली. एक जण पुढे आला, भाच्याच्या हातातून धोटा घेतला, छिद्राला ओठ लावले आणि श्वास आत ओढला. सूत बाहेर. झालं काम. भिवंडीत असाच धोटा भरायचे. हूक पुस्तकात होता, शेडीत कोणी पाहिलेला नव्हता.

पोरगा पकडला गेला म्हणून पंच खूश झाले. मला मात्र संताप आला, आणि तो नुसता पोरावर नव्हता. एकच धोटा ह्याच्या तोंडातून त्याच्या तोंडात, पहिल्या शिफ्टमधून दुसऱ्या शिफ्टमध्ये. त्या सुताची धूळ छातीत, एकाचा खोकला दुसऱ्याला. एवढासा तारेचा हूक ह्या मालकांना आणून देता येत नव्हता! पण तो पंचनाम्याचा विषय नव्हता. पंचनामा केला, सह्या घेतल्या.

भाच्याचा चेहरा उतरला होता. एवढंच म्हणाला, "मामांना विचारा."

मामांना विचारायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी संपते न संपते तोच सेठ स्वतः ठाण्यावर हजर. पांढरेशुभ्र कपडे, आवाजात साखर. बरोबर त्यांच्या शेडचा जॉबर. सेठने त्याला दंडाला धरून माझ्यापुढे उभा केला.

"साहेब, हा घ्या तुमचा चोर. घरात साप पाळला मी! भाचा तापाने फणफणला होता, आणि ह्याने परस्पर जाऊन त्याच्या नावावर परीक्षा दिली. पोराकडून बक्षिसी काढायला. पोरगं घाबरून गप्प राहिलं. माझी फिर्याद लिहून घ्या, ह्याला आत टाका."

म्हणजे आदल्या दिवशी मीच परीक्षा दिली म्हणणारा भाचा रातोरात परीक्षेच्या दिवसापुरता तापाने आजारी झाला होता. माझ्यासमोर बसून इतक्या गोड आवाजात इतकं धडधडीत खोटं बोलणारी माणसं मी फार थोडी पाहिली. मी सेठला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि जॉबरला आत घेतलं. चाळिशीच्या अलीकडचा, काटक, जवळच्याच वडपे गावाच्या बाजूचा. मान खाली घातली नव्हती त्याने. जबडा आवळून उभा होता.

"परीक्षेला तू बसलास?"

"बसलो."

"भाच्याच्या नावाने?"

"व्हय. पन सायेब, आधी मला हे इचारा, मला सोताला बसायचं व्हतं का."

"बसायचं होतं?"

"त्याच्यासाठीच मरत व्हतो!"

मग तो जे बोलला ते थांबवणं कोणाला शक्य नव्हतं. पोरसवदा असताना तो ह्या सेठकडे लागला. आधी शेड झाडायची, मग लूम चालवायची, मग जॉबर. बायको त्याच शेडमध्ये कांड्या भरायची, राहायला खोली शेडच्याच मागे, तीही सेठची. सवलतीचं कळलं तसा तो सेठकडे दाखला मागायला गेला. सेठ हसला. "तू माझ्याकडे कामाला आहेस हे लिहिलंय कुठे?"

आणि ते खरं होतं! त्या काळी बऱ्याच शेडींत चालायचं तेच ह्याच्या शेडमध्ये चालत होतं. एखादा कामगार आपल्या मुलखाला गेला की त्याच्या जागी बदली माणूस यायचा, त्याच्याच नावावर. गेलेला परत यायचा नाही, बदलीवाला वर्षानुवर्षं तिथेच राबायचा, नाव मात्र गेलेल्याचंच. कोणाला कायम कामगार म्हणून कायद्याने काही द्यायला लागू नये, एवढ्यासाठी हा सगळा उद्योग.

"मी ज्याच्या नावावर राबतो हाय तो मानूस मी बघितलेला पन न्हाय," जॉबर म्हणाला. "सेठ बोलला, या वक्ताला भाच्यासाठी बस, पुढच्या वर्साला तुझा दाखला देतो. न्हाय बसलास तर खोली खाली कर. बसलो. पास झालो. परीक्षेवाले सायेब पाठीवर थाप मारून म्हनले, शाब्बास, नाव काय तुझं? आन् मी त्याचं नाव सांगितलं सायेब! माझ्या तोंडानं! त्याचं!"

त्याने माझ्या टेबलावर मूठ आपटली. हवालदार धावला, "ए, आवाज खाली!" मी म्हटलं, "बोलू दे त्याला."

खरं सांगतो, बाहेर जाऊन सेठच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला मला. पण वर्दी घातली की राग खिशात ठेवावा लागतो. कायद्याने बघायचं तर तोतयागिरी करणारा हा जॉबर, म्हणजे पहिला आरोपी हाच. सेठने सांगितलं म्हणून केलं, ह्याला साक्षीदार कोण? बायको. घड्याळ चोरलं तर कलम आहे, सायकल चोरली तर कलम आहे. माणसाचं अर्धं आयुष्य उचलून दुसऱ्याच्या नावावर घातलं, त्याला कलम नाही. मी खोलीत येरझारा घालत होतो. बाहेरून सेठचा आवाज येत होता, "किती वेळ, साहेब? फिर्याद घेताय ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. अरे, घेऊ की फिर्याद! नाही कशाला म्हणायचं?

सेठला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. आमचे रायटर हवालदार लिहायला बसले. मी अगदी मऊ आवाजात म्हटलं, "सेठ, तुम्ही विश्वासघात म्हणताय. मग विश्वास किती जुना ते फिर्यादीत आलं पाहिजे. कालपरवा आलेला गडी असेल तर कोर्ट विचारेल, कसला विश्वास आणि कसला घात?"

"कालपरवा?" सेठ उसळलाच. "अहो, ह्याला मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून माझ्याकडे आहे हा!"

"साल आठवतंय?"

आठवत होतं. शेड घातली ते साल. सांगितलं.

"काम काय करायचा?"

"आधी झाडू मारायचा. मी लूमवर घेतला, मी जॉबर केला. सगळी शेड ह्याच्या हातात दिली."

"मध्ये कधी सोडून गेला होता?"

"कुठे जाणार? एक दिवस नाही!"

"काम येतं का नीट? नाहीतर त्याचा वकील म्हणेल, अडाणी माणूस, समजलं नाही."

"अडाणी? भिवंडीत ह्याच्या तोडीचा जॉबर दाखवा मला! म्हणून तर जीव जळतो, साहेब!"

रायटरने एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. जुना माणूस, त्याच्या लक्षात आलं होतं. एरवी त्याचं अक्षर असं की देवालाही वाचता येऊ नये. त्या दिवशी त्याने शाळेतल्या पोरासारखं सुवाच्य लिहिलं. फिर्याद वाचून दाखवली. सेठ मान डोलावत ऐकत राहिला आणि झोकात सही ठोकून चहा पिऊन गेला. रागाच्या भरात आपण काय लिहून दिलं हे त्याला कळलंच नाही. दुसऱ्याला बुडवायच्या नादात असलेला माणूस आपल्या पायाखाली बघत नाही, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलं.

मग जॉबरला बोलावून त्याच्याविरुद्धची फिर्याद वाचून दाखवली. तो ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "परत वाचा."

हवालदाराला वाटलं, ह्याला आरोप समजला नाही. तो कलम समजावून सांगू लागला.

"ते न्हाय वो! ते सालाचं वाचा."

मी वाचलं. अमुक सालापासून माझ्या शेडमध्ये अखंड कामास आहे. आधी झाडकाम, नंतर लूम, नंतर जॉबर. त्याने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आता ह्यो फिरंल का?"

"सही केलीय त्याने. फिरला तर खोटी फिर्याद दिली म्हणून त्यालाच आत घेईन."

त्याला मी अटक केली नाही. सगळा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवून घेतला आणि त्याला साक्षीदार केलं. वरिष्ठ ओरडले, ओरडू दे. कोर्टातून फिर्यादीची नक्कल काढून ती घेऊन मी जॉबरबरोबर संस्थेत गेलो. प्राचार्यांनी समितीपुढे विषय ठेवला. समितीत एक कारखानदार बसलेले होते. ते म्हणाले, "दाखला कुठाय? ही तर पोलीस फिर्याद आहे. फसवणुकीच्या आरोपीला कॉलेजात घ्यायचं का?"

मला तिथे बोलायचा अधिकार नव्हता. तरी बोललो, आणि चढ्या आवाजात बोललो. "साहेब, मालकाची सही हवी होती, ही मालकाची सही. वर्षं हवी होती, ही वर्षं. राहिला गुन्हा. ह्याचा गुन्हा काय, तर तुमच्या परीक्षेत हा पास झाला! ह्याला लूमचं काही येत नाही असं तुमचं म्हणणं असेल, तर त्या दिवशी पास कोण झालं? आणि हाच झाला असं म्हणत असाल, तर मग आणखी काय तपासायचं राहिलंय?"

कारखानदार पंख्याकडे बघू लागले. शेवटी ठरलं, फिर्याद हा दाखला धरायचा, पण प्रॅक्टिकल पुन्हा द्यायचं, स्वतःच्या नावाने. बाहेर आल्यावर जॉबर माझ्यावरच भडकला. "एकदा पास झालो हाय ना? परत कशाला?"

"गप बस, आणि परत पास हो!" मीही भडकलो. दोघांची डोकी सारखीच गरम होती.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी साध्या कपड्यात दाराशी उभा होतो. परीक्षक तेच. लूम चालू होती, त्या आवाजात त्यांनी विचारलं, "नाव?" जॉबरने आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, तालुका सांगितला. परीक्षक म्हणाले, "पुरे, पुरे." तो हलला नाही. "लिवलं का, सायेब?" लिहिलेलं स्वतः वाकून बघितलं आणि मगच लूमला हात लावला. पास झाला, हे सांगायला नकोच.

पण सगळं गोड झालं असं समजू नका. सेठने त्याचं सामान गल्लीत फेकलं. बायकोचं काम गेलं. दिवसा दुसऱ्या शेडमध्ये ड्युटी आणि संध्याकाळी कॉलेज, असं करून त्याने डिप्लोमा पुरा केला आणि पुढे एका गिरणीत विणकाम खात्याचा मास्तर झाला. भाच्याला कोर्टाने दंड केला, तो मामाने भरला. भाच्याला खोटा दाखला दिला म्हणून सेठवरही मी दोषारोप ठेवला होता. मोठा वकील आला आणि सेठ हसत घरी गेला. पुढे गावातल्या समारंभात मला त्याच्या शेजारी खुर्ची मिळाली होती. मी उठून मागे जाऊन बसलो.

हा माणूस इतकी वर्षं राबला, आणि त्या राबण्याची सरकारदरबारी पहिली नोंद झाली ती आरोपी म्हणून! त्याला कोणी शाबासकीचं पत्र दिलं नाही, हजेरीवर नाव घातलं नाही. त्याला तुरुंगात घालायचं होतं तेव्हाच त्याचं खरं मोल मालकाच्या तोंडून बाहेर आलं. ह्याचा राग मला तेव्हा आला, आज येतो, आणि यायलाच हवा.

त्यानंतर माझी कुठेही बदली झाली तरी एक गोष्ट मी सोडली नाही. मालक आपल्या गड्याला चोर म्हणून ठाण्यावर घेऊन आला, की चोरीला काय गेलं हे मी आधी विचारत नसे. आधी विचारायचो, हा तुमच्याकडे कधीपासून आहे, काय काम करतो, सगळं सविस्तर सांगा, लिहून सहीनिशी घ्यायचंय. ज्यांचं खरंच काही गेलं होतं ते सांगायचे. बाकीचे चुळबुळ करायचे, वकिलाला विचारून येतो म्हणायचे आणि परत यायचे नाहीत.

एक जण तर हात जोडून मला म्हणाला, "साहेब, चोरी गेली तर जाऊ द्या. पण तेवढं लिहून घेऊ नका."